झील कोणी ओढली

मोठ्या बाईंनी मला गाण्याच्या बैठकीला बोलावलं, त्या दिवशी माझं जेवण गेलं. कोणाला खरं वाटणार नाही. गाणं ऐकायला बोलावलंय, तेही सकाळी नऊला, वर चहा-फराळ, आणि ही बया घाबरून उपाशी. पण मी घाबरले होते, आणि का ते सांगते.

यवतमाळच्या एका मुलींच्या शाळेत मी तेव्हा चौथीला शिकवत होते. साठ सालानंतरची गोष्ट. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागेवर मी तात्पुरती. त्या आता परत येणार नाहीत असं कळलं होतं, आणि ती जागा मला कायमची द्यायची की नाही हे शाळेची समिती पुढच्या आठवड्यात ठरवणार होती. नाही म्हणाले तर मी नेरजवळच्या आमच्या गावी परत, आईबरोबर कापूस वेचायला. कापूस वेचायची मला लाज नव्हती. पण आमच्या वस्तीतून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी मी. मी परत गेले असते तर माझ्यामागून शाळेत जाणाऱ्या चार-पाच पोरींची दप्तरंही खुंटीला लागली असती. "तिले तरी काय भेटलं शिकून?" असं म्हणायला लोक तयारच बसले होते.

आमची वस्ती छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्यांची. शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते बोलून दाखवत नव्हतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्याशी फार चांगलं वागायच्या. खरं सांगते, त्याचीच मला जास्त धास्ती वाटायची. रागावणाऱ्या माणसाचं काय बिनसलंय ते कळतं तरी. चांगलं वागणारं माणूस मनात काय टिपून ठेवतंय ते कळत नाही.

त्यांचे यजमान वकील. शाळेच्या समितीवर तेच, आणि गावात बाहेरचे गवई बोलावून बैठका करणारेही तेच. दरवर्षी संक्रांत झाली की त्यांच्या घरच्या दिवाणखान्यात सकाळचं गाणं व्हायचं. "रविवारी या," मोठ्या बाई मला म्हणाल्या, "समितीची सगळी मंडळी असतील. ओळखी होतील."

मग मधल्या सुट्टीत त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी मायेनं. गाणं चालू असताना आत यायचं नाही. मध्येच उठायचं नाही. बोलायचं नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत. दाद द्यायची ती समेवर, आणि सम कुठे ते कळत नसेल तर गप्प बसणं उत्तम. मागच्या वर्षी एका मास्तरांनी भलत्याच जागी मोठ्यानं 'वा' म्हटलं होतं. सगळी बैठक वळून बघायला लागली. "मग?" मी विचारलं. "मग काय, यंदा त्यांना बोलावलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले.

गाण्याची ओळख मला नव्हती असं नाही. उलट नको तेवढी होती. माझे बाबा आमच्या गावच्या खंजरी भजनात झील ओढायचे. मुख्य गाणारा पुढे बसून कडवं म्हणतो, आणि पालुपदावर आला की मागच्यांनी ते त्याच्या तोंडातून उचलायचं, उंच सुरात ताणून धरायचं, तोवर तो श्वास घेतो. ती झील. धर्म बदलल्यावर भजनातले शब्द बदलले, देव गेले, बुद्धाची गाणी आली. चाली त्याच, खंजरी तीच, आणि झीलही बाबांचीच. त्यांचा आवाज देहाला न शोभेल इतका बारीक होता. आडून ऐकणाऱ्याला बाई गातेय असं वाटायचं आणि गावातले लोक त्यावरून त्यांना चिडवायचे. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून झील ओढत आले. उचलायला उशीर झाला की बाबांचं बोट टपकन माझ्या गुडघ्यावर पडायचं. पालुपद खाली पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मला शिकवलं. गाणाऱ्यानं टाकलं आणि कोणी झेललं नाही, तर तो त्याचा अपमान. आमच्याकडे ऐकणारा गप्प बसला तर त्याला गाणं आवडलं नाही असंच समजतात.

म्हणजे मोठ्या बाईंनी जे जे करू नको म्हणून सांगितलं, ते ते करायला मी लहानपणापासून शिकले होते. त्या आठवड्यात मी खोलीवर आरशासमोर गप्प बसायचा सराव केला. हसू नका. मान किती हलवायची, ओठ मिटलेले दिसतात का, हे मी खरोखर बघितलं.

आणि शनिवारी दुपारी नेरच्या बसने बाबा आले. न कळवता, खांद्यावर तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. बसमध्ये कापसाच्या गाठोड्यांवर बसून आले असावेत, कारण टोपीपासून धोतरापर्यंत सगळीकडे कापसाचे पांढरे तंतू चिकटले होते. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की यांना उद्या सकाळी कुठे ठेवू.

"उद्या मले एका ठिकानी जायाचं हाय बाबा," मी म्हटलं. "तुमी सकाळच्या गाडीनं जान काय?"

"कुठं जायाचं हाय?"

मला खोटं सुचलं नाही. "गाण्याले."

त्यांचे डोळेच चमकले. "गाण्याले? मंग मी बी येतो. गानं सोडून मी गाडीत कायले बसू?"

त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. शेंगा सोलता सोलता मी त्यांना एकेक नियम सांगितला. बाबा शाळेतल्या पोरासारखे मान डोलवत होते. शेवटी मी म्हटलं, "आनं झील ओढायची नाई. तो पालुपदावर आला तरी नाई. तोंड उघडायचंच नाई."

"बिलकूल नाई?"

"बिलकूल नाई."

मग त्यांनी विचारलं, "मंग आपुन आयकलं, हे त्या गाणाऱ्याले समजन कसं?"

"मान हालवायची," मी म्हटलं.

"तेवढ्यानं समजते त्याले?" बाबांनी विचारलं. मला राग आला. मी त्यांच्यावर खेकसले. म्हटलं, माझी नोकरी आहे यात, तुमचं गाणं नाही. ते लगेच म्हणाले, "बरं माय, नाई उघडत तोंड," आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

रविवारी आम्ही वकीलसाहेबांच्या घरी पोचलो तेव्हा थंडी चांगलीच होती. दारातच मी बाबांच्या पाठीवरचे उरलेसुरले तंतू वेचून काढले. मोठ्या बाई पुढे आल्या. "वडील का? या, या," म्हणाल्या, आणि त्यांची नजर बाबांच्या टोपीवरून खाली पायांपर्यंत जाऊन परत वर आली. त्यात वाईट काही नव्हतं. पण मी बाबांची बाही धरून त्यांना घाईनं आत नेलं.

दिवाणखान्यात सतरंज्या घातल्या होत्या. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. मी बाबांना पुरुषांच्या बाजूला सगळ्यात मागे, वाटेच्या कडेला बसवलं आणि स्वतः बायकांच्या बाजूला सगळ्यात मागे, वाटेच्या अलीकडे बसले. हात लांब केला तर त्यांच्या गुडघ्याला पोचेल इतकं अंतर. आमच्यामागे फक्त भिंत होती. समितीची माणसं पुढे लोडांना टेकून बसली होती आणि मला त्यांचे फक्त मागचे केस दिसत होते. तेवढ्यानेही मला भीती वाटत होती.

गवई म्हातारे होते, सत्तरीचे तरी असतील. गळ्याला मफलर. त्यांचा शिष्य तापानं वाटेतच राहिला होता, म्हणून तंबोऱ्यावर मोठ्या बाईंचा पुतण्या बसवला होता. त्याला तारा छेडण्यापलीकडे काही येत नव्हतं. तबला आणि पेटी गावातलीच. म्हाताऱ्यांनी हात जोडले, खोकले, आणि सुरुवात केली. तोडी होता म्हणे. ते मला नंतर कळलं.

पहिला तासभर मी काही ऐकलंच नाही. माझ्यापुढे गावातल्या एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, त्या मांडीवर बोटानं ताल धरत. सम आली की त्यांचं बोट जोरात पडायचं. मी त्या बोटावर डोळे लावून बसले. बोट पडलं की मी मान हलवायची. एकदा त्यांनी नाकावर आलेली बट सारायला बोट उचललं, आणि मी आपली मान डोलावली. कोणी पाहिलं नाही. आणि दुसरा डोळा बाबांवर. ते पाठ ताठ करून, मांडी घालून, ओठ घट्ट मिटून बसले होते. इतके घट्ट, की मला त्यांच्याकडे पाहवेना.

मग म्हातारे जलद चीज गायला लागले, आणि खरी परीक्षा सुरू झाली. चिजेचं तोंड चार शब्दांचं होतं. तान घ्यायची, फिरायचं, आणि त्या चार शब्दांवर परत यायचं. म्हणजे पालुपदच. ते पालुपद आलं की बाबांच्या गळ्याची घाटी वर जायची. दर वेळी. सूर तिथे येऊन थांबायचा आणि बाबा तो गिळायचे, आणि मी हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर बोट दाबायचे. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दहादा आलं, वीसदा आलं. ते चार शब्द मला पाठ झाले. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सुटणार, आता त्यांचं तोंड उघडणार, आणि ती पुढची सगळी डोकी वळणार. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते. बाबा, एवढी सकाळ. एवढीच.

मी कोणाला सांगितलं नाही, पण मधेच एकदा मला वाटलं, बाबा आज आलेच नसते, त्यांची गाडी चुकली असती, तर किती बरं झालं असतं. बापाबद्दल असं वाटतं तेव्हा भीती कुठवर गेली आहे ते माणसाला कळायला हवं. मला तेव्हा कळलं नाही.

म्हाताऱ्यांनी एक लांब तान घेतली. वर चढले, आणखी वर चढले, आणि तिथून पालुपदावर उतरायचं तर आवाजच फुटला. एक घरघर निघाली आणि पुढे काही नाही. त्यांनी हात पुढे केलेला, तोंड उघडं, आणि शब्द नाहीत. पेटीवाला त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला. तबला चालूच होता. एक आवर्तन रिकामं गेलं. बैठकीत कोणी हललं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. चांगल्या लोकांची ती रीत असते, दुसऱ्याची फजिती बघायची नाही. म्हाताऱ्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा घरघर.

मी झटकन बाबांकडे पाहिलं. आता काही हे ऐकत नाहीत, असं मला वाटलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. डोळ्यात पाणी होतं आणि ओठ मिटलेले होते. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता.

आणि झील उठली. उंच, ताणलेली, ते चारच शब्द, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं, सुटले शेवटी बाबा. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की बाबांचे ओठ अजून मिटलेले आहेत. ती मी होते.

मी ठरवलं नव्हतं. पालुपद खाली पडत होतं, ते मी उचललं, बस. समेवर येऊन माझा आवाज थांबला, आणि त्याच क्षणी म्हाताऱ्यांनी पुढचा सूर धरला. खालून, जपून, पण धरला. डोळे न उघडता त्यांनी आमच्या कोपऱ्याकडे हात किंचित उचलला आणि पुढे गायला लागले.

पण डोकी वळायची ती वळलीच. आधी डॉक्टरीणबाई, मग पुढचे, मग समितीचे सगळे. मी दगडासारखी बसले होते. शेजारी बाबांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर दाबली होती. सगळे बघताहेत असं दिसताच त्यांनी टोपी खाली घेतली, हात जोडले आणि मान लववली, चूक झालेला माणूस लववतो तशी. एकदा उजवीकडे, एकदा पुढे. कोणीतरी 'च्' केलं. डोकी परत फिरली.

बाबांनी काय केलं ते मला तत्क्षणी कळलं. आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण खोटं लिहून काय करू. माझा जीव भांड्यात पडला.

गाणं संपल्यावर आम्ही फराळाला थांबलो नाही. बस स्टँडपर्यंत चालत गेलो. स्टँडवर ते बाकावर बसले, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "सूर जरासा खाली लागला तुया."

मी रडायला लागले. "तुमी काहून हात जोडले बाबा?"

"मले काय नोकरी करायची हाय तिथं?" ते म्हणाले. "अनं उचलली ते चांगलं केलं तू. पडू देलं असतं त्या म्हाताऱ्याले सगळ्यायनं." मग नेरची गाडी लागली आणि ते गेले.

ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक. सोमवारी पहिल्या तासाच्या आधी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मी दारात उभी राहिले. त्यांनी मला बसायला सांगितलं, खुर्चीवर.

"कालचं मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "खेड्यातलं माणूस, त्यांना कुठून माहीत असणार. आमचे हे म्हणाले, त्या बाई मात्र बघा किती शोभेशा बसल्या होत्या, बोटसुद्धा हललं नाही. वडिलांकडून झालं ते, नाही का?"

अजूनही सांगता आलं असतं. तोंड उघडून दोन शब्द, मी गायले. काल चार शब्द उंच सुरात निघाले होते, आज दोन निघायला हरकत नव्हती. मोठ्या बाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, नेहमीसारख्याच मायेनं. मी मान हलवली.

जागा मला मिळाली. पोरींची दप्तरं खुंटीला लागली नाहीत, त्यातल्या दोघी पुढे मास्तरणी झाल्या. मी स्वतःला हे बरेचदा सांगते.

त्या सोमवारी मी निघताना मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या वर्षी जरूर या. एकट्या आलात तरी चालेल." मी एकटी गेले. त्या वर्षी, आणि पुढची पाच-सहा वर्षं. मोठ्या बाई नव्या मास्तरणींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, ऐकावं कसं ते यांच्याकडून शिका. मी मागे भिंतीला टेकून बसायचे, ओठ मिटून.

बाबा मात्र दरवर्षी संक्रांत झाली की विचारायचे, "अवंदा गानं कवा हाय?" मी सांगायचे, रविवारी आहे, पण शनिवारची नेरची गाडी बंद झाली बाबा. ते आयुष्यभर त्याच गाडीनं येत-जात होते. बाजारात भेटणाऱ्या अर्ध्या लोकांना ते तिची वेळ सांगायचे.

"हाव काय," ते म्हणायचे. "मंग राहू दे."